दुर्मिळ मेंदूविकार असलेलं मूल: निदान आणि काळजीची सुरुवात कुठून करायची

आपल्या मुलाचं काहीतरी बिनसलंय अशी शंका येणं आणि आजाराचं नाव हातात पडणं, या दोन्हींत कधीकधी काही वर्षं निघून जातात. मेंदू, मज्जारज्जू, नसा आणि स्नायू यांचे शेकडो दुर्मिळ आजार मुलांमध्ये दिसतात. युरोपात २,००० माणसांमागे एकापेक्षा कमी जणांना होणारा आजार दुर्मिळ धरतात. असे सहा हजारांहून जास्त आजार नोंदवलेले आहेत. त्यांतले बहुतेक जनुकीय आहेत आणि बहुतेकांची सुरुवात बालपणातच होते. तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी तुमच्या मुलाचा आजार पूर्वी एकदाही पाहिलेला नसेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. पण त्यामुळे घरच्यांच्या निरीक्षणावर फार काही अवलंबून असतं.

हा लेख या वाटेवर नुकतेच आलेल्या आईबाबांसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: निदानाचा शोध आणि रोजची काळजी ही दोन्ही कामं पहिल्या दिवसापासून बरोबरीने चालवायची. रिपोर्ट येऊ दे, मग फिजिओथेरपी सुरू करू, असं म्हणत घालवलेले महिने मुलाला महागात पडतात.

१. उशीर होतोय की आलेलं जातंय?

डॉक्टरांकडे जाण्याआधी या प्रश्नाचं उत्तर शोधा. काही मुलं सगळं उशिरा शिकतात, पण शिकत राहतात. काही मुलं शिकलेलं गमावतात. बोलायचे ते चार शब्द बंद होतात, बसणारं बाळ कलंडायला लागतं, चमचा धरणारा हात चमचा सोडून देतो. आलेलं कौशल्य जाणं ही कोणत्याही वयात धोक्याची खूण आहे. तिच्यासाठी ‘थोडी वाट बघू’ हा सल्ला कोणी दिला तरी मानू नका.

उशिराच्याही काही मर्यादा आहेत. तीन महिने झाले तरी बाळ तोंडाकडे बघून हसत नाही, पाच महिन्यांतही मान धरत नाही, नऊ महिन्यांचं झालं तरी बसत नाही, दीड वर्षाचं झालं तरी चालत नाही, यांपैकी काहीही असेल तर तपासणी हवीच. वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरत असेल, तर ते डावखुरं आहे असं समजून गप्प बसू नका. दुसऱ्या हातात कमजोरी असू शकते.

रेट सिंड्रोम या मुख्यतः मुलींना होणाऱ्या जनुकीय आजाराचं उदाहरण घ्या. मुलगी सहा महिने ते दीड वर्षाची होईपर्यंत बऱ्यापैकी ठीक असते. मग तिचे शब्द जातात, हातात वस्तू धरणं सुटतं, डोक्याची वाढ मंदावते आणि दोन्ही हात छातीपाशी एकमेकांत पिळत राहतात, जागी असताना जवळजवळ सतत. व्हिएन्नातले डॉक्टर आंद्रेआस रेट यांनी दवाखान्यात बाहेर बसलेल्या दोन मुलींच्या हातांची ही एकसारखी हालचाल पाहिली, म्हणून त्यांना संशय आला. त्यांचं लेखन १९६६ साली प्रसिद्ध झालं. कारणीभूत जनुक सापडलं १९९९ साली. ओळख मात्र आजही आधी डोळ्यांनीच पटते.

२. फोन आणि वही

जे घरी दिसतं ते दवाखान्यात डॉक्टरांसमोर हमखास होत नाही. म्हणून व्हिडिओ काढा. पांघरूण बाजूला करा, उजेड असू द्या, चेहरा आणि चारही हातपाय एकाच चौकटीत दिसू द्या. मधेच मुलाला नावाने हाक मारा, म्हणजे ते भानावर आहे का हे कळतं. सुरुवात हुकली तरी चालेल, शेवटपर्यंत काढा.

लहान बाळांत एक गोष्ट वारंवार नजरेतून सुटते, ती इथे सविस्तर सांगते. चार-सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठतं. एकदम मान पुढे झुकते, दोन्ही हात बाजूला फेकले जातात, पोट आकसतं. हे सगळं सेकंद-दोन सेकंदांत संपतं. काही सेकंद शांतता, मग तसंच पुन्हा, मग पुन्हा, अशी माळच लागते. मधेच बाळ रडतं. घरचे म्हणतात दचकतंय, पोटात दुखत असेल. हे इन्फंटाइल स्पॅझम्स, म्हणजे बाळांतल्या फिटचा एक प्रकार, असू शकतात. १८४१ साली विल्यम जेम्स वेस्ट या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून याचं वर्णन केलं होतं, आणि ते बाळ त्यांचा स्वतःचा मुलगा होता. असं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. झोपेतला ईईजी (मेंदूच्या विद्युत हालचालीची नोंद) लागतो आणि उपचार शक्य तितक्या लवकर सुरू व्हावे लागतात, कारण रोज चालणाऱ्या या झटक्यांमुळे बाळाची वाढ खुंटते.

वहीत तारखेसह लिहा: काय झालं, किती वेळ चाललं, त्याआधी ताप, उपास, जागरण किंवा नवं औषध होतं का. वहीच्या पहिल्या पानावर एका पानात मावेल असा सारांश ठेवा. गरोदरपण, जन्म, कोणत्या महिन्यात काय आलं, काय गेलं, आतापर्यंतच्या तपासण्या, चालू औषधं. प्रत्येक नवीन डॉक्टरांना पहिलं पान वाचायला द्या. त्यामुळे वाचणारी दहा मिनिटं मुलाला तपासण्यात जातात.

३. पहिली भेट

शक्यतो बाल मेंदूविकारतज्ज्ञ गाठा. ते तीन पिढ्यांची वंशावळ मांडतील. आईबाबा एकमेकांच्या नात्यातले आहेत का, घरात लहानपणी गेलेली मुलं आहेत का, आईच्या भावांना काही होतं का, हे विचारतील. लाज न बाळगता खरं सांगा, यातूनच वारशाचा नमुना कळतो. डोक्याचा घेर मोजला जाईल. त्वचेवर फिके डाग शोधले जातील, कारण पानाच्या आकाराचे फिके डाग ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराची खूण असू शकतात. डोळ्यांचा पडदा बघतील, यकृत-प्लीहा दाबून बघतील. मेंदूच्या तक्रारीसाठी पोट का तपासतात याचं आश्चर्य वाटू देऊ नका. काही साठवणविकारांत (न मोडलेले पदार्थ पेशींत साठत जाण्याच्या आजारांत) यकृत-प्लीहा मोठी होते.

नजर आणि श्रवण यांची तपासणी याच टप्प्यावर करून घ्या. ती फार वेळा राहून जाते.

४. उपचार होऊ शकणारे आजार सर्वांत आधी

माझ्या मते दुर्मिळ आजाराच्या निदानात हा भाग सर्वांत मोलाचा आहे. दुर्मिळ म्हणजे उपचार नसलेला, हा समज मनातून काढून टाका. शेकडो नावांतली काही नावं अशी आहेत जी वेळेवर सापडली तर मुलाचं आयुष्य बदलतं. डॉक्टरांना थेट विचारा: “उपचार होऊ शकणारा असा कोणता आजार आपण अजून वगळलेला नाही?”

नवजात बाळाच्या फिट औषधांना दाद देत नसतील तर पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ जीवनसत्त्व, रुग्णालयात देखरेखीखाली देऊन बघतात. काही बाळांच्या फिट त्यानेच थांबतात. बायोटिनिडेझच्या कमतरतेत फिट, पुरळ, केस गळणं, ऐकू न येणं असं बरंच काही होतं आणि बायोटिन हे साधं जीवनसत्त्व रोज द्यावं लागतं. गेलेलं ऐकू येणं मात्र बहुधा परत येत नाही, म्हणून घाई.

ग्लूट-१ कमतरतेत रक्तातली साखर मेंदूत पुरेशी पोचत नाही. फिट येतात, चाल डगमगते, आणि उपाशी असताना त्रास वाढून खाल्ल्यावर मूल सुधारतं. यासाठी पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून त्यातली साखर मोजतात. त्याआधी रक्तातली साखर मोजलेली असावी, नाहीतर तुलना करता येत नाही. उपचार आहे कीटोजेनिक आहार, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय पदार्थ. तो आहारतज्ज्ञांच्या हाताखालीच सुरू करायचा.

डोपाला प्रतिसाद देणारा डिस्टोनिया (स्नायू आपोआप आवळून अंग वळणं) हा आजार सेरेब्रल पाल्सी (वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालीत येणारं अपंगत्व) म्हणून वर्षानुवर्षं लपून राहू शकतो. मूल सकाळी बरं चालतं, संध्याकाळपर्यंत पाय वळायला लागतात, झोपून उठलं की पुन्हा बरं. लेव्होडोपा या औषधाच्या छोट्या मात्रेने अशी मुलं नीट चालू लागतात. म्हणून सेरेब्रल पाल्सीचा शिक्का बसला असेल, पण जन्माच्या वेळी काही विशेष घडलं नव्हतं, एमआरआय नॉर्मल आहे, त्रास दिवसभरात कमीजास्त होतो, किंवा मूल मागे मागे जातंय, तर निदान पुन्हा तपासायला सांगा. सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत जात नसते.

अंगात जोर नसलेलं, पाय बेडकासारखे पसरून पडलेलं, पण डोळ्यांनी चौकस असलेलं बाळ दिसलं की स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीची जनुक चाचणी लगेच व्हायला हवी. या जनुकीय आजारात स्नायू चालवणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी मरत जातात. यावर न्यूसिनर्सेन या औषधाला अमेरिकेत २०१६ साली, जनुकोपचाराला २०१९ साली आणि तोंडाने घ्यायच्या रिसडिप्लामला २०२० साली मान्यता मिळाली. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, त्यामुळे इथे आठवडेसुद्धा मोजायचे असतात.

मुलग्याला जिना चढता येत नाही, पोटऱ्या जाड दिसतात आणि जमिनीवरून उठताना तो आधी ओणवा होतो, हात गुडघ्यांवर आणि मग मांड्यांवर टेकवत स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो, तर रक्तातलं सीके हे स्नायूंतलं एन्झाइम तपासा. ड्युशेन स्नायुविकारात ते प्रचंड वाढलेलं असतं. या मुलांच्या तपासणीत एसजीओटी, एसजीपीटी हे यकृताच्या तपासणीतले आकडे वाढलेले दिसतात आणि यकृताचा आजार समजून शोध भलतीकडे जातो. हे दोन्ही स्नायूंतूनही रक्तात उतरतात.

शाळेत चांगला असलेला मुलगा चार ते दहा वर्षांच्या दरम्यान अचानक लक्ष देईनासा झाला, अक्षर बिघडलं, ऐकलेलं समजेना, त्वचा काळवंडली, तर एक्स-लिंक्ड अ‍ॅड्रिनोल्यूकोडिस्ट्रॉफीचा विचार व्हावा, म्हणजे मेंदूतला पांढरा भाग झिजवणाऱ्या जनुकीय आजाराचा. मूळपेशी प्रत्यारोपणाचा उपयोग आजार अगदी सुरुवातीला असतानाच होतो. तीन वर्षांच्या आसपास फिट सुरू झाल्या आणि बोलणं आधीपासूनच मागे होतं, तर सीएलएन-२ बॅटन या मेंदू झिजवणाऱ्या जनुकीय आजारासाठी टीपीपी-१ एन्झाइम तपासता येतं. त्यावर २०१७ पासून थेट मेंदूतल्या पाण्यात द्यायचं एन्झाइम उपलब्ध आहे.

५. तपासण्या आणि जनुकीय रिपोर्ट

एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, ईईजी त्याची विद्युत हालचाल. रक्तात लॅक्टेट, अमोनिया, अमिनो आम्लं आणि लघवीत सेंद्रिय आम्लं बघितली की चयापचयाच्या बऱ्याच आजारांचा माग लागतो. अमोनियाचं रक्त बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत जावं लागतं, उशीर झाला तर आकडा खोटा चढतो.

मग जनुकीय चाचणी. एक्झोम चाचणीत सुमारे २०,००० जनुकांचा प्रथिनं बनवणारा भाग वाचतात. तो संपूर्ण जनुकसंचाच्या दीड-दोन टक्केच असतो. मुलाबरोबर आईबाबांचंही रक्त दिलं तर निदानाची शक्यता वाढते, कारण बदल वारशाने आला की मुलात नव्याने घडला हे लगेच कळतं. चाचणीच्या अर्जावर ‘विकासात विलंब’ एवढंच लिहू देऊ नका. फिटचा प्रकार, डोक्याचा घेर, एमआरआयमधलं वर्णन, गेलेली कौशल्यं सगळं लिहून घ्या. प्रयोगशाळा त्याच माहितीवरून हजारो बदलांतून योग्य तो निवडते.

रिपोर्टमध्ये बदलाचा दर्जा पाच पायऱ्यांत दिलेला असतो: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधल्या पायरीवर सर्वाधिक गोंधळ उडतो. अर्थ अनिश्चित असलेला बदल म्हणजे निदान नव्हे. त्यावरून औषध, गर्भपात किंवा नातेवाइकांची तपासणी असले निर्णय घेऊ नका. आधी जनुकीय समुपदेशकाशी बोला.

रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी जनुकीय आजार नाही असं ठरत नाही. साध्या एक्झोममधून जनुकातली वाढलेली पुनरावृत्ती (डीएनएचा एकच तुकडा नको तितक्या वेळा येणं), मायटोकाँड्रिया या पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांमधला डीएनए, अँजेलमन सिंड्रोम या जनुकीय विकारातले काही बदल निसटू शकतात. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीची चाचणीही वेगळी करतात. प्रयोगशाळेकडून मूळ डेटा मागून जपून ठेवा आणि वर्ष-दोन वर्षांनी तो पुन्हा वाचून घ्या. नवी जनुकं सतत सापडत असल्याने जुन्याच डेटातून काही मुलांना नाव मिळतं.

६. रोजची काळजी

नाव मिळो न मिळो, पुढची कामं तीच.

फिट आली की घड्याळ बघा. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं मिडाझोलाम हे फिट थांबवणारं औषध गालात किंवा नाकात द्या आणि मदत बोलवा. मात्रा वजनावर ठरते, म्हणून मूल वाढलं की ती नव्याने विचारून घ्या. रोजचं फिटचं औषध एकदम बंद करू नका. ड्रॅव्हे सिंड्रोम या फिटच्या जनुकीय आजारात कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन या फिटच्याच औषधांनी फिट वाढू शकतात. पीओएलजी जनुकाच्या आजारात व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध यकृताला घातक ठरतं. निदान व्हायचं असेल तेव्हा औषध बदलताना हे नक्की विचारा.

जेवणाकडे बारकाईने बघा. घास घेताना डोळ्यांत पाणी येतं, जेवल्यावर आवाज ओला, घरघरता होतो, ओठांचा रंग बदलतो, एक जेवण अर्ध्या तासापेक्षा जास्त चालतं, वजन अडलंय, छाती वारंवार भरते: यांतलं काही असेल तर अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं. काही मुलांना ठसकासुद्धा लागत नाही, आणि तेच जास्त घातक. भरवताना मूल उभट बसवा, हनुवटी किंचित खाली. झोपवून भरवू नका. गिळण्याची एक्स-रे तपासणी होते, ती करून घ्या. पोटातून नळी बसवायचा सल्ला मिळाला की आयांना वाटतं, आपण भरवण्यात हरलो. तसं मुळीच नाही. नळीमुळे मुलाचं वजन वाढतं, औषध पूर्ण पोचतं, जेवणाची वेळ लढाईची राहत नाही, आणि सुरक्षित असेल तर चवीपुरतं तोंडाने देता येतं. हा निर्णय मूल पार खंगेपर्यंत लांबवू नये, असं माझं ठाम मत आहे.

बोलता न येणारं मूल अचानक रडू लागलं, ताठ होऊ लागलं, तर ‘आजार वाढला’ असं धरून चालू नका. डोक्यापासून पायापर्यंत शोधा: दात, कान, डोळ्यात काही गेलंय का, घशाशी येणारं आम्ल, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, नळीची जागा, खुब्याचा सांधा, बोटाभोवती गुंडाळलेला केस, घट्ट झालेला स्प्लिंट. न चालणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ असतात, कपडे बदलतानासुद्धा मोडू शकतात, तेव्हा एखादा अवयव हलवताच रडलं तर एक्स-रे काढा. दुखण्याचं कारण बहुतेकदा साधं आणि बरं होण्यासारखं असतं.

खुबे आणि पाठीचा कणा यांचा एक्स-रे ठरावीक काळाने व्हावा. फिजिओथेरपिस्टकडून रोज घरी काय करायचं ते शिकून घ्या, उभं राहण्याची चौकट, स्प्लिंट, बसण्याची योग्य खुर्ची यांचं माप वाढीनुसार बदला. स्नायूंच्या आजारात रात्रीच्या श्वासाकडे लक्ष हवं. सकाळी डोकं दुखणं, घामाघूम होऊन वारंवार जाग येणं, दिवसा पेंगणं या रात्री श्वास अपुरा पडत असल्याच्या खुणा आहेत. लसी बहुतेक मुलांना द्यायच्याच असतात. स्टेरॉइड चालू असतील तर जिवंत लसींबद्दल आधी विचारा.

बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं समजू नका. चित्रांचा तक्ता, हो-नाहीसाठी नजरेची खूण, नजरेने चालणारा संगणक, जे जमेल ते लवकर सुरू करा. रेट सिंड्रोमच्या कित्येक मुली डोळ्यांनी निवड करतात. विचारल्यावर उत्तरासाठी भरपूर वेळ द्या, त्यांना वेळ लागतो.

७. तातडीचं पत्र

मूल मध्यरात्री अनोळखी डॉक्टरांच्या हाती जाईल, तेव्हासाठी एक पानी पत्र डॉक्टरांकडून सहीसह घेऊन ठेवा. त्यात निदान, वजन, औषधं, टाळायची औषधं आणि पहिल्या तासात काय करायचं हे असावं. ग्लुटारिक अ‍ॅसिड्युरिया टाइप-१ सारख्या चयापचयाच्या आजारात साधा ताप किंवा उलट्या झाल्या तरी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तिथे ग्लुकोजचं सलाइन ताबडतोब लावायचं असतं. ड्युशेन असेल तर भुलेच्या वेळी सक्सिनिलकोलिन हे स्नायू सैल करणारं औषध चालत नाही. हे पत्र दप्तरात, फोनमध्ये आणि सांभाळणाऱ्या प्रत्येकाकडे असू द्या.

वेदनाशमन आणि आधार देणारी पॅलिएटिव्ह केअरची टीम शेवटच्या दिवसांसाठीच असते हा गैरसमज आहे. गंभीर निदान झाल्या दिवसापासून ती बरोबर असावी. झोप, वेदना, श्वास, घरच्यांची दमछाक आणि कठीण निर्णय यांत तिची मदत होते.

कोणी पैसे घेऊन मूळपेशींची इंजेक्शनं देतो, सगळ्याच आजारांवर एकच उपचार सांगतो आणि सुधारलेल्या मुलांचे व्हिडिओ दाखवतो, तिथून निघा. नव्या औषधाच्या खऱ्या चाचणीत (क्लिनिकल ट्रायलमध्ये) औषधासाठी पालकांकडून पैसे मागत नाहीत. ती नोंदणीकृत असते, आणि धोके लेखी सांगते.

८. भावंडं आणि पुढचं बाळ

निदान पक्कं झालं की धाकट्या भावंडांबद्दल लगेच विचारा. मेटाक्रोमॅटिक ल्यूकोडिस्ट्रॉफी या मेंदूच्या जनुकीय आजारात जनुकोपचार लक्षणं दिसण्याआधी दिला तरच सर्वाधिक फायदा होतो, त्यामुळे मोठ्याच्या निदानामुळे अनेकदा धाकट्याला वाचवता येतं.

आईबाबा दोघेही वाहक (स्वतः निरोगी, पण सदोष जनुकाची एक प्रत असलेले) असतात अशा आजारात प्रत्येक गरोदरपणी धोका २५ टक्के असतो. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा हिशोब होत नाही. बदल मुलात नव्याने घडलेला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता फार कमी, सुमारे एक टक्का धरतात. शून्य मात्र नाही. गर्भाची तपासणी करायची झाल्यास नेमका बदल आधी माहीत हवा. वारेचा नमुना साधारण ११ ते १४ आठवड्यांत आणि गर्भजलाचा १५ आठवड्यांनंतर घेतात. म्हणून पुढच्या बाळाचा विचार मनात आला, की गरोदरपणाच्या आधीच जनुकीय समुपदेशकाची वेळ घ्या आणि मुलाचा मूळ रिपोर्ट बरोबर न्या.